हेल्मेटमधलं बोलणं

आमच्या घरात एक खण आहे. त्याला आम्ही इंडियाचा खण म्हणतो. त्यात ओसीआय कार्डांच्या झेरॉक्स, बॅगा तोलायचा काटा, उरलेली रुपयांची नाणी, भारतातलं एक जुनं सिमकार्ड आणि तीन गोल पिनांचे दोन ॲडाप्टर असतात. इथे इंग्लंडला आल्यापासून आमच्यासाठी लांबचा प्रवास म्हणजे पुण्याचाच. त्यामुळे कुठे लांब जायचं झालं की तो खण उघडायचा आणि त्यातलं सामान बॅगेत भरायचं, ही माझी पद्धत. मागच्या सप्टेंबरमध्ये आम्ही नवराबायको मोटरसायकलवरून स्पेनला निघालो तेव्हाही मी तेच केलं. भारतातला तीन पिनांचा ॲडाप्टर स्पेनच्या दोन भोकांत जात नाही, हे मला पोर्ट्समथहून बोट सुटल्यावर कळलं. केबिनमध्ये गुडघ्यांवर बसून मी पलंगाखालचं सॉकेट शोधत होतो.

मी असल्या चुका करत नाही. घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरचं प्रेशर खाली गेलं तर मला झोपेतसुद्धा कळतं, अशी बायको थट्टा करते. कुठल्या आठवड्यात कचऱ्याचा कुठला बिन बाहेर ठेवायचा हे शेजारचे मला विचारतात. या प्रवासासाठी दोन माणसं आणि सामान धरून पुढच्या-मागच्या टायरमध्ये किती हवा लागेल, ते मी चिकटपट्टीवर लिहून पेट्रोलच्या टाकीला लावलं होतं. आणि ॲडाप्टर मात्र भारताचा.

"अरे, तू माहेरी निघालायस का?" बायको वरच्या बर्थवरून म्हणाली.

मी मुलीला मेसेज केला. ती युनिव्हर्सिटीत गेलेली, त्या उन्हाळ्यात मैत्रिणींबरोबर रेल्वेने युरोप फिरून आलेली. तिचा जन्म इथलाच, त्यामुळे मराठी तिच्या पद्धतीची. तिचं उत्तर आलं: "बाबा, युरोपची ॲडाप्टर माझ्याकडे राहिला. पॉवरबँक पण. सॉरी!"

ॲडाप्टरचं एवढं सांगायचं कारण असं, की आमच्या हेल्मेटमधले इंटरकॉम त्यामुळे बोटीवर चार्ज करता आले नाहीत.

हा इंटरकॉम म्हणजे काडेपेटीहून थोडा मोठा डबा. हेल्मेटच्या डाव्या अंगाला लावायचा. बाईक मी चालवतो, ती मागे बसते. ती बोलली की तिचा आवाज थेट माझ्या कानात येतो. घरी ती स्वयंपाकघरातून आणि मी लॉफ्टमधून ओरडून बोलतो, त्यापेक्षा हे कितीतरी जवळचं. बाईक मी पन्नाशी झाली तेव्हा घेतली. पहिल्याच वर्षी एम-वन हायवेवर आमचं भांडण झालं. विषय माझ्या भावाचा होता, तो इथे नको. बाईकवर भांडताना उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही. एकमेकांचं तोंड दिसत नाही, आवाज मात्र कानाच्या आत. मी आमचा एक्झिट चुकलो, पुढच्या एक्झिटपर्यंत तसाच भांडत गेलो. घरी आल्यावर तिने नियम केला. हेल्मेटमधलं हेल्मेटमध्ये. तिथे वाटेल ते बोलावं, पण हेल्मेट काढलं की तो विषय बंद. पुन्हा काढायचा असेल तर पुन्हा हेल्मेट घालून.

मला वाटलं, यामुळे आमचं बोलणं कमी होईल. झालं उलटंच. तिने मला तिथे सांगितलं की स्वयंपाकघरातल्या टाइल्स, ज्या मी सगळी दुकानं पालथी घालून आणल्या, तिला पहिल्या दिवसापासून आवडलेल्या नाहीत. मी तिला तिथे सांगितलं की ऑफिसात नवा मॅनेजर मीटिंगमध्ये माझं नाव घेतो तेव्हा मी तोंड उघडतो आणि आवाजच निघत नाही. घरी आलो की चहा व्हायचा, आणि टाइल्सबद्दल कोणी अवाक्षर काढायचं नाही.

बोट स्पेनच्या किनाऱ्याला, सांतांदेरला लागली तेव्हा रविवार होता. पुढचा टप्पा बुर्गोस. जुनं शहर, मोठं कथीड्रल, एक मुक्काम, आणि सोमवारी सकाळी पुढे सेगोव्हियाकडे. घरून निघताना दोन्ही सेट पूर्ण चार्ज केले होते. आमच्या मिल्टन कीन्सपासून पोर्ट्समथपर्यंत वापर किती, उरलं किती, बुर्गोसपर्यंत लागणार किती, हा हिशेब मी बोटीवरच केला होता. पुरत होतं. बाईकला यूएसबीचं एकच सॉकेट आहे आणि त्यावर रस्ता दाखवणारा फोन लावलेला असतो, तोही जेमतेम तगतो, त्यामुळे तिथे दुसरं काही लावायचा प्रश्न नव्हता.

सांतांदेर सोडल्यावर थोड्या वेळाने एस्कुदोचा घाट लागतो. चढ इतका उभा की खालीच मोठी पाटी लावून ठेवली आहे. वर धुकं होतं. आमच्या पुढे दुधाचा टँकर आला आणि आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये त्याच्या मागे लागलो. उजव्या बाजूने चालवायची सवय नसल्यामुळे मी सगळं लक्ष रस्त्यावर ठेवून होतो.

"ऐक," ती कानात म्हणाली. "साउथहॅम्प्टनला जॉब मिळालाय."

"कुणाला?"

"मला. मोठ्या हॉस्पिटलमध्ये. कॅन्सरच्या औषधांच्या विभागात."

"इंटरव्ह्यू न घेता?"

"झाला इंटरव्ह्यू. जुलैमध्ये. एजवेअरला कढीपत्ता आणायला जाते म्हणाले होते ना, तेव्हा."

मी क्षणभर विचार केला. "पण कढीपत्ता आणला होतास तू."

"साउथहॅम्प्टनलाही मिळतो."

त्या कढीपत्त्याचे पोहे मी खाल्ले होते. चांगला आहे म्हणालोही होतो.

"उद्या त्यांना कळवायचंय," ती म्हणाली. "मी हो म्हणणार आहे. आठवडाभर तिथे राहीन, शुक्रवारी घरी येईन. तुला काय वाटतं ते मला उद्या फोन करायच्या आत सांग."

"टँकर ब्रेक मारतोय," मी म्हणालो.

हे टाळण्यासाठी नव्हतं. टँकर खरंच ब्रेक मारत होता.

ती फार्मासिस्ट आहे. मुलगी शाळेत जायला लागल्यापासून ती आमच्या घराजवळच्या औषधांच्या दुकानात काउंटरला उभी राहते, कारण तिथून शाळा सुटायच्या वेळेला पोचता यायचं. त्याआधी ती हॉस्पिटलात होती आणि तिथली कामं रात्री जेवताना मला सांगायची. दुकानातलं कधी काही सांगितलं नाही. हे माझ्या लक्षात त्या घाटातच आलं. पण त्याच वेळी हेही लक्षात आलं, की सोमवार ते शुक्रवार त्या घरात मी एकटा असणार. बॉयलर, बिन, लॉफ्ट आणि मी. घर मी सांभाळतो असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

घाटमाथा ओलांडला आणि धुकं एकदम संपलं. डाव्या-उजव्या हाताला मोकळं रान, पुढे एब्रो नदीचं धरण, ऊन. टँकर गेला. रस्ता सरळ झाला. मी बोललो.

मी म्हणालो, जाऊ नकोस. आणि एवढ्यावर थांबलो नाही. धरण मागे पडलं, मग गवताचं उजाड पठार लागलं, तिथेही मी बोलतच होतो. एरवी मी इतकं बोलत नाही. तोंड दिसत नसल्यामुळे असेल. बोलून झाल्यावर मी वाट पाहिली. कानात फक्त वारा. मला वाटलं, विचार करत असेल. गोल चौक आला, म्हणजे राउंडअबाउट. तिथे ती सांतांदेरपासून दर वेळी "उजवीकडून" म्हणून आठवण करत होती, कारण स्पेनमधले राउंडअबाउट आमच्या उलट फिरतात. या वेळी ती बोलली नाही. माझ्या उजव्या खांद्यावर दोनदा थोपटलं फक्त. पुढच्या चौकात पुन्हा तसंच. रागावली आहे म्हणून बोलत नाही, की समजूत घालते आहे म्हणून थोपटते, हे मला ठरवता येईना. रागावलेलं माणूस थोपटत नाही. पण समजूत घालणारं माणूस निदान हूं तरी करतं.

बुर्गोसला नदीजवळ जमिनीखालचं पार्किंग आहे. तिथे बाईक लावली. तिने हेल्मेट काढलं, केस मोकळे केले आणि म्हणाली, "भूक लागली." चेहरा चांगला प्रसन्न.

"बाकी काही नाही ना?" मी विचारलं.

"बाकी काय? तहान."

नियम माझाही होता. मी बाईकला कुलूप लावलं.

राहायची खोली एका जुन्या इमारतीत होती, तिसऱ्या मजल्यावर. रिसेप्शन नाही, फोनवर आलेला नंबर दाराला टाइप करायचा. रविवार असल्याने ॲडाप्टर मिळेल असं दुकान कुठे उघडं दिसेना. जेवायला बसलो तिथल्या वेटरला आम्ही मांस खात नाही हे हातवाऱ्यांनी सांगितलं. त्याने मान डोलावली आणि एका काळ्या चकतीकडे बोट दाखवत सांगितलं की यात भात आहे. भात होता, खरंच. बाकीचं डुकराचं रक्त होतं. बायकोने ते वेळेवर ओळखलं आणि बटाट्याचं ऑम्लेट मागवलं. शेवटी तिथलं पांढरं चीज मधाबरोबर आलं.

"पनीर विथ मध," ती म्हणाली. "बघ, आपल्याकडे कुणाला सुचलं नाही. घरी करून बघू."

घरी. मी तो शब्द धरून बसलो. घरी म्हणजे कुठे आणि कुठल्या वारी? ज्या बाईला उद्या हो म्हणायचंय ती घरी पनीर करू असं कशाला म्हणेल? का सहज म्हणाली? मी तिच्याकडे पाहत राहिलो.

"काय झालं? दाताला लागलंय का काही?"

"नाही."

जेवून कथीड्रलला गेलो. ते इतकं मोठं आहे की शहराच्या कुठल्याही गल्लीतून त्याचं काहीतरी दिसतं, आणि प्रत्येक गल्लीतून वेगळंच दिसतं. मिल्टन कीन्समध्ये मला कुठेही सोडा, मी घरी येतो. आमच्याकडे उभे रस्ते व्ही, आडवे रस्ते एच, सगळ्यांना नंबर. कुठलाही पत्ता म्हणजे कोणता व्ही आणि कोणता एच हे सांगितलं की झालं. बुर्गोसच्या गल्ल्याही मी तशाच मोजत निघालो होतो. डावीकडची तिसरी, मग उजवीकडची दुसरी. तिसरी गल्ली मध्येच वळून पहिलीला मिळाली आणि आम्ही निघालो तिथेच परत आलो.  आमच्यापुढे एक म्हातारं जोडपं चर्चच्या कपड्यांत निघालं होतं. बायको सरळ त्यांच्या मागे चालायला लागली, आणि आम्ही पोचलो.

आत डाव्या बाजूला, उंचावर, भिंतीत एक घड्याळ आहे. त्याच्यावर लाल कपड्यातला एक बाहुला. तास वाजायला आला की खाली माणसं जमतात. घंटा वाजते आणि प्रत्येक ठोक्याला तो तोंड उघडतो, मिटतो. आवाज काढत नाही. बस्स, एवढंच. लोक फोन वर धरून ते टिपतात. माझ्या शेजारी बायको मान वर करून हसत होती, आणि मग हसता हसता तिने माझ्याकडे पाहिलं.

"काय?" मी म्हटलं.

"काही नाही. तुझा मीटिंगमधला फोटो लावलाय वर."

ती इतकी मोकळी हसली की त्या क्षणी मला उमगल्यासारखं झालं. तिने ऐकलंय. धरणापासून पठारापर्यंत सगळं ऐकलंय आणि ठरवलंय, जायचं नाही. म्हणून घाटातलं ओझं उतरलंय. म्हणून पनीर. म्हणून खांद्यावर थोपटलं. सगळं जुळलं. एकही आकडा बाहेर राहिला नाही. मी मोठा श्वास घेतला.

आणि मग मला बरं वाटेना.

असं का व्हावं, हे मला त्या वेळी कळलं नाही, आताही पूर्ण कळलेलं नाही. हवं ते मिळालं होतं. मी तिच्यामागून बाहेर आलो. नदीच्या काठाने झाडांची लांब रांग आहे, फांद्या एकमेकींत गुंतवून वर छप्पर केलेली. सगळं गाव तिथे चालायला आलं होतं. आजी-आजोबा, ढकलगाड्या, इस्त्रीचे शर्ट. त्या रस्त्याच्या टोकाला एक फार्मसी होती, हिरवा क्रॉस लावलेली, बंद. दारावर एक कागद होता. बायको त्याच्यापुढे थांबली आणि वाकून वाचायला लागली.

"आज कुठली उघडी आहे ते लिहिलंय," ती म्हणाली. "एक फार्मसी रविवारीही उघडी ठेवायची, पाळीपाळीने. छान आहे." मग काचेला कपाळ टेकवून आत पाहिलं. शेल्फं, काउंटर, काउंटरच्या मागे एक दार. तिने त्या मागच्या दाराकडे किती वेळ पाहिलं! औषधं बनवायची जागा मागे असते. पुढे फक्त द्यायची.

मी तिच्या पाठीमागे उभा होतो. काचेत मला तिचा चेहरा दिसत होता. हसत नव्हती. मला वाटलं, हे मी केलं. धरणाच्या काठाने बोलत येऊन मी हिला या काचेच्या अलीकडे उभं केलं. लगेच वाटलं, मी काय केलं, मत विचारलं म्हणून मत सांगितलं. आणि मग हेही वाटलं की तिने काही ठरवलंच नसेल, ती फक्त फार्मसी बघत असेल, फार्मासिस्ट बघतात तशी. तिन्हींपैकी खरं कोणतं, ते मला विचारता येत नव्हतं.

"फोन किती उरलाय?" ती वळून म्हणाली.

"नऊ टक्के."

"मग उद्या रस्ता कोण दाखवणार? ते म्हातारं जोडपं?"

आम्ही पार्किंगमध्ये गेलो, बाईकवरून फोन चार्ज करायला. अजून उजेड होता, पण खाली ट्यूबलाइट. किल्ली फिरवल्याशिवाय सॉकेट चालू होत नाही आणि फार वेळ चालू ठेवलं तर बाईकची बॅटरी उतरते. म्हणून मी शेजारी उभा राहून व्होल्टेजवर लक्ष ठेवत होतो. ती पलीकडच्या खांबाला टेकून बसली. थोडा चार्ज झाल्यावर म्हणाली, "आता माझा सेट लाव जरा. उद्या सकाळी मुक्याने जायचं नाहीये मला."

मी तिच्या हेल्मेटला केबल लावली. सेटवर लाल दिवा लुकलुकला, तो अगदी पूर्ण उतरलेल्या सेटवर लुकलुकतो तसा. मी माझ्या सेटचं बटण दाबलं. माझ्यावर निळा आला, म्हणजे थोडं उरलं होतं.

"तुझा पूर्ण गेला?" मी विचारलं.

"कधीच. सेटमधली ती इंग्लिश बाई म्हणाली ना, बॅटरी लो, आणि गेली."

"कधी?"

"घाटात. तू तो टँकर म्हणालास, त्याच्या नंतर लगेच. पोर्ट्समथपर्यंत मी गाणी ऐकत होते ना मागे. तुला माहीत नव्हतं?"

गाणी मी धरली नव्हती. दोन सेट, दोघांचं बोलणं, रस्त्याची लांबी, सगळं धरलं. ती कानात गाणी लावून बसली असेल हे माझ्या हिशेबात कुठेही नव्हतं. दुसरा सेट बंद पडला की आपल्याला दोन बीप येतात, असं मॅन्युअलमध्ये लिहिलंय. आले असतील. टँकरमागे मला ऐकू आले नाहीत.

"म्हणून खांद्यावर थोपटत होतीस?"

"मग काय करू? तू डावीकडून घुसला असतास." मग ती थांबली. उठून जवळ आली. "का? तू काही बोललास?"

मी केबलची पिन पुन्हा घट्ट बसवली.

"अरे, बोललास का तू? घाटाच्या नंतर?"

"हेल्मेटमधलं आहे," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या दिवसाचा हिशेब मी तेव्हा पहिल्यांदा केला. तिने विचारलं, मी टँकर म्हणालो, आणि त्यानंतर सबंध दिवस मी तिच्याशी त्या विषयावर एक शब्द बोललो नव्हतो. ती हसत होती. काय करणार दुसरं?

"घाल," ती म्हणाली आणि स्वतःचं हेल्मेट घातलं, केबलसकट.

आम्ही बाईकवर बसलो. मी पुढे, ती मागे, बाईक स्टँडवर, किल्ली चालू, इंजिन बंद. समोर सिमेंटची भिंत आणि तिच्यावर पार्किंगचा नंबर.

"हॅलो," ती कानात म्हणाली.

"हॅलो."

"सांग."

"मी म्हणालो, जाऊ नकोस."

नंतर तिचा श्वास ऐकू आला. मी पुढे म्हणालो, "त्या घरात मला एकट्याला राहता येणार नाही. तसंच काहीतरी. बरंच बोललो."

"बरंच म्हणजे?"

"धरणापासून पठार संपेपर्यंत."

"अरे देवा." हसली की काय, कळलं नाही. "आणि आता?"

"आता मला कळत नाही."

"म्हणजे?"

"दिवसभर मला वाटलं, तू ऐकलंयस. त्या बाहुल्यापाशी तर वाटलं, ऐकून तू ठरवलंस, जायचं नाही. आणि मला ते आवडलं नाही."

"तुझंच ऐकलं ते तुला आवडलं नाही?"

"हो."

"मग उद्या काय करू?"

"हो म्हण."

"हे बघ, परवानगी नकोय मला," ती म्हणाली. "ती मी मागितली नव्हती. मत विचारलं होतं."

"मग सांगितलं की."

"दोन सांगितलीस. नको आणि हो."

"दोन्ही माझीच आहेत. मी काय करू?"

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि दुपारी आमच्यापुढे चाललेलं ते म्हातारं जोडपं बाहेर आलं. त्यांची गाडी आमच्या शेजारी होती. बंद बाईकवर, हेल्मेट घालून, भिंतीकडे तोंड करून बसलेली आम्ही दोघं पाहून आजोबा जरा थबकले. मग त्यांनी मान लववली. आम्हीही लववली. हेल्मेटसकट मान लववणं जड जातं. ते गाडी काढून गेले. तिने हात पुढे आणून माझ्या जाकिटाच्या खिशात घातले, जसे चढावर घालते. मी व्होल्टेज पाहिलं. उतरत होतं.

"किल्ली बंद करायला हवी," मी म्हणालो.

"कर."

सोमवारी आम्ही निघालो. हायवेवरच्या एका पेट्रोल पंपावर ती उतरली, बाजूला जाऊन फोन लावला. मी तिचं हेल्मेट धरून उभा होतो. लांबून मला तिचा आवाज येत नव्हता. ती हातवारे करत होती, हसत होती, एकदा गंभीर झाली. परत आल्यावर म्हणाली, "जानेवारीपासून." मी हेल्मेट दिलं. पुढे रस्ताभर आम्ही फक्त रस्त्याचं बोललो.

आता ती सोमवार ते शुक्रवार साउथहॅम्प्टनला असते. हॉस्पिटलातलं सगळं फोनवर सांगते, तेही न थांबता. मला त्यातलं बरंचसं समजत नाही, पण मी ऐकतो. इकडे बॉयलरचं प्रेशर आहे तेवढंच आहे. बिन भरायला पूर्वीपेक्षा दुप्पट दिवस लागतात. युरोपचे दोन ॲडाप्टर आणून मी इंडियाच्या खणात ठेवलेत. त्यांना वेगळा खण करावा, असं वाटतं आणि राहून जातं.

मध्ये एकदा हेल्मेटमध्ये तिने सांगितलं, "तेव्हा ऐकू आलं असतं ना, तर मी गेले नसते." मी ते ऐकून दोन रात्री नीट झोपलो नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा हेल्मेट घालून मी विषय काढला तेव्हा म्हणाली, "छे, तरी गेलेच असते. तुला काय वाटलं?" यातलं कुठलं धरायचं, ते मी ठरवलेलं नाही.

परवाच्या शुक्रवारी पाऊस होता म्हणून तिला आणायला बाईकऐवजी गाडी घेऊन गेलो. परत येताना, न्यूबरी मागे पडल्यावर, ती म्हणाली, "त्या धरणापाशी तू नक्की काय काय बोललास? मला एकच वाक्य सांगितलंस तू. बाकीचं?"

"हेल्मेट नाहीये," मी म्हणालो.

"नाहीये. तरी सांग."

मी आठवायचा प्रयत्न केला. धरण ते पठाराचा शेवट हे अंतर मला माहीत आहे, मी नंतर नकाशावर मोजलं. वेग माहीत आहे. म्हणजे किती वेळ बोललो तेही काढता येतं. पण त्या एका वाक्याशिवाय मला शब्द एकही आठवत नाही.

"आठवत नाही," मी म्हणालो. "खरंच."

 मी वळून तिच्याकडे पाहिलं. गाडीत तोंड दिसतं. ती माझ्याकडेच बघत होती, आणि त्या बघण्यावरून मला काही म्हणजे काही कळलं नाही.

"पुढे बघ," ती म्हणाली. "राउंडअबाउट आलाय."